सरड्याचे पथ्य

परदेशी नोकरीला जाण्यापूर्वी मुलाने पुण्याहून गाडीत घालून एक मोठी काचेची पेटी आमच्या गडचिरोलीच्या घरी आणून ठेवली. पेटीत हातभर लांबीचा, वाळूच्या रंगाचा एक सरडा होता. त्याच्या गळ्याखाली मऊ काट्यांची झालर होती. तो भ्याला किंवा त्याला बरे नसले की ती फुगे आणि काळी पडे. मुलगा त्याला बियर्डेड ड्रॅगन म्हणे. हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत मुलखातला प्राणी आहे, आपल्याकडच्या हौशी लोकांनी त्याची पैदास केली आहे, तो शांत असतो आणि नीट सांभाळला तर बरीच वर्षे जगतो, असे त्याने सांगितले.

माझी पत्नी पेटीत डोकावून म्हणाली, "हा खातो काय?"

"पाला खातो. आणि किडे."

"यांना सांगू नकोस," ती म्हणाली. मी तिच्या शेजारीच उभा होतो.

मी जन्मभर शाळेत संस्कृत शिकवले. स्नानसंध्या कधी चुकवली नाही, आणि वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर पाऊल वळवत आलो. या घरात रोज जीव मारून कुणाला तरी भरवायचे, ही कल्पना मला सोसणारी नव्हती. ते ओळखून तिने सगळा व्यवहार मागच्या खोलीत नेला. तिथे एका टोपात अंड्यांचे पुठ्ठे उभे करून तिने रातकिडे पाळले. त्यांना गव्हाचा कोंडा आणि गाजराचे काप घालायची. दुपारी जेवणे झाली की थोडे रातकिडे एका डब्यात घ्यायचे, वर कॅल्शियमची पूड टाकायची, डबा हलवायचा, म्हणजे करंजीला पिठी लागावी तशी ती किड्यांना लागे, आणि मग चिमट्याने एकेक पुढे धरायचा. त्या वेळी मी बाहेर ओसरीवर पोथी घेऊन बसत असे. आतून तिचे बोलणे ऐकू येई. "घाई नको. आहेत अजून."

बाकीचे मात्र मी पाहत असे. शेवग्याचा कोवळा पाला, लाल भोपळ्याचा कीस, थोडी कोथिंबीर. पालक नाही, तो त्याच्या हाडांना चांगला नव्हे. पेटीच्या एका टोकाला सपाट दगड आणि त्यावर ऊब देणारा दिवा, वर सूर्यासारखे किरण देणारी लांब नळी, दुसरे टोक मोकळे आणि गार. सरड्याच्या अंगाला स्वतःची ऊब नसते. ती त्याला बाहेरून घ्यावी लागते, आणि पुरेशी झाली की सावलीला जावे लागते. "एका टोकाला चैत्र आणि एका टोकाला मार्गशीर्ष, हवा तो महिना त्याने घ्यावा," असे ती म्हणे. ज्येष्ठात आमच्याकडे झाडांवर काजवे लागले की ती खिडकीला जाळी लावी, कारण एखादा काजवा जरी त्याच्या तोंडात गेला तरी त्याला विष होते. हे सगळे ती मुलाला विचारून, मोबाइलवर पाहून शिकली होती. सकाळी दिवे लावणे आणि तिन्हीसांजेला ते मालवणे एवढे काम तिने माझ्याकडे ठेवले होते. पूजा आटोपली की एखादे जास्वंदीचे फूल मी त्याला देत असे. ते तो पाकळी-पाकळीने खाई.

गेल्या मार्गशीर्षात ती गेली. आजार असा नव्हताच. देवघराशेजारच्या खोलीत, जिथे ही पेटी होती, तिथे ती वाती वळत बसली होती. मी हाक मारली तेव्हा उत्तर आले नाही.

मुलगा आला. नातलग आले, घर भरले. मार्कंड्याला वैनगंगेत अस्थी सोडल्या. ज्या जागी प्राण गेला तिथे तेलाचा दिवा लावला होता आणि तो विझू नये म्हणून कुणी ना कुणी तिथे निजत असे. आमच्याकडे अशी एक रीत आहे की त्या दिव्याजवळ एका रात्री चाळलेले पीठ पातळ पसरून ठेवतात. सकाळी त्यावर जी खूण उमटलेली दिसेल, त्यावरून गेलेला जीव कोणत्या रूपाने आला ते कळते, अशी समजूत आहे. शेजारच्या बाई, माझ्या पत्नीची रोजची मैत्रीण, त्यांनीच ते पीठ पसरले.

सकाळी त्यांच्या हाकेने सगळे जागे झाले.

"अवं, या नं लवकर! पाय पाहा, पाय!"

पिठावर पाच बोटांची, नखांसकट, लहान लहान पावले होती. मधून शेपटीची एक सरळ रेघ गेली होती. आणि दिव्याच्या अगदी जवळ, पोट जमिनीला टेकवून, तो सरडा बसला होता. पेटीचे सरकते दार वीतभर उघडे राहिले होते.

"बाईच होय," त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या. "मुलानं आणलेल्या जिवात आली. आपलं घर नाई सोडलं तिनं."

सगळ्या बायका हात जोडून बसल्या. माझी नजर मात्र भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाकडे गेली. पेटीच्या दिव्यांची पिन कुणीतरी काढून ठेवली होती आणि तिथे कुणाचा तरी मोबाइल चार्जिंगला लावला होता. एरवीही रात्री पेटीची ऊब मालवलेली असे हे खरे, पण आदल्या दिवशी सकाळी ती लागलीच नव्हती. मी माझ्या दुःखात दिवे लावायचे विसरलो होतो, आणि दुसऱ्या कुणी लावले असते तरी पिन जागेवर नव्हती. एक दिवस आणि एक रात्र थंडीत काढलेला प्राणी घरातल्या एकुलत्या एक ज्योतीकडे चालत आला होता. हे मला त्या क्षणी स्पष्ट दिसले आणि मी बोललो नाही. मुलगा झोपेतून उठून आला, त्याने सरड्याला उचलून पेटीत ठेवले, पिन लावली आणि हळूच मला विचारले, "बाबा, हे काय चाललंय?"

"असू दे," मी म्हणालो.

तेरवी झाली. निघण्याच्या आदल्या दिवशी मुलगा पेटीजवळ बसला आणि म्हणाला, "बाबा, तुम्हाला हे जमणार नाही. नागपुरात माझ्या ओळखीचे एक जण आहेत, ते घेऊन जायला तयार आहेत. चांगले सांभाळतील."

"राहू दे इथेच. मला जमेल."

"किडे द्यावे लागतात."

"जमेल म्हणालो ना."

त्याच्या आवाजात काळजी होती, माझ्या आवाजात हट्ट. घरात श्वास घेणारे दुसरे कुणी उरणार नव्हते, हे दोघांनाही ठाऊक होते.

मुलगा गेला आणि दुसऱ्याच दुपारी शेजारच्या बाई वाटीत दूधभात घेऊन आल्या. बरोबर गल्लीतल्या आणखी बायका होत्या. माझ्या पत्नीला दूधभात फार आवडे, वरून साखर घालून. बाईंनी बोटाने एक घास सरड्याच्या ओठाला लावला. त्याने तो चाटला.

"पाहा! ओळखला नं! साखर नसती तं तोंड फिरवलं असतं तिनं," एक जण म्हणाली.

"बाईचं तसंच होतं बापा. बिनसाखरेचा चहा दिला तं चार दिवस बोलत नव्हती," दुसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. मीही हसलो. ती गेल्यानंतर त्या घरातले ते पहिले हसणे होते.

मग हा रोजचा क्रम झाला. दुपारी बायका येत. कधी शिरा, कधी पुरण, कधी केळ्याची शिकरण. सरड्याला 'ती' म्हणू लागल्या. त्याच्याजवळ गल्लीच्या बातम्या सांगत: कुणाच्या धानाला भाव मिळाला नाही, कुणाच्या सुनेने माहेरची वाट धरली, कोणत्या गावाजवळ वाघ दिसला. त्या पेटीच्या काचेला तोंड लावून बसल्या की सरडा पुढचा एक पाय उचलून सावकाश गोल हलवी.

"हात करून राह्यली पाहा नं," बाई म्हणत. "हो बाई, हो. आलो आमी."

त्यांच्या बोलण्यात माझ्या पत्नीच्या इतक्या आठवणी येत की ज्या मला ठाऊकच नव्हत्या. ती मला न सांगता यांच्याबरोबर कुठल्या तरी गोंडी लग्नात रेलाच्या फेरात नाचायला उभी राहिली होती, हे मला तिच्या तेरवीनंतर कळले. मी कोपऱ्यात खुर्चीवर बसून ऐकत असे. सकाळपासून मी दुपारची वाट पाहू लागलो होतो. मागच्या खोलीत रातकिडे होते. त्यांना मी रोज कोंडा आणि गाजर घालत होतो, कारण खाऊ घालण्यात काही पाप नव्हते. त्यामुळे ते वाढले होते आणि संध्याकाळी सगळे घर त्यांच्या आवाजाने भरून जाई. सरड्याला मात्र मी त्यांतला एकही दिला नव्हता. दूधभातावर तो जगतो आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. माझे व्रतही राहत होते आणि घरही भरत होते.

पौषात तो आजारी पडला. आधी त्याने जास्वंदीला तोंड लावणे सोडले. पोट फुगले, पातळ होऊ लागले. गळ्याची झालर दिवसभर काळी राही. मी त्याला तळहातावर घेतले तेव्हा त्याचे पुढचे पाय थरथरत होते, एखाद्या म्हाताऱ्या माणसाचे हात पेला उचलताना थरथरतात तसे. दगडावर चढायला गेला आणि घसरून पडला.

टोपलीत जुने धोतर घालून, त्यावर त्याला ठेवून मी ऑटोने जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तिथे शेळ्या घेऊन आलेले दोघे-तिघे व्हरांड्यात बसले होते. एकाने टोपलीत डोकावले.

"गुरुजी, घोरपड धरली का जी? फारेस्टवाले आत टाकतीन नं!"

"घोरपड नाही. परदेशातला सरडा आहे. ऑस्ट्रेलियाचा."

"हो का? मंग लय दूर आला बिचारा." त्याने शेळीच्या दोरीला हिसका दिला. "हिले तं मी आरमोरीवरून आणलं तं इथी पोचेपर्यंत चिडून राह्यली."

डॉक्टर तरुण होते आणि प्रामाणिक होते. "गुरुजी, मी गाईम्हशींचा माणूस. पण नागपुरात माझ्या शिक्षणाच्या वेळच्या एक डॉक्टर आहेत, त्या असले प्राणी पाहतात," असे म्हणून त्यांनी मोबाइलवर त्यांना व्हिडिओ लावून दिला आणि सरड्याला पडद्यासमोर धरले. नागपूरच्या डॉक्टरांनी त्याचे तोंड, पोट, पाय दाखवायला सांगितले. मग विचारले, "आजोबा, खायला काय देता?"

"दूधभात. कधी शिरा. पुरण."

"आणि किडे?"

"पत्नी गेल्यापासून नाही."

"आजोबा, दूध त्याला पचत नाही. साखर तर नकोच. आणि किड्यांशिवाय, कॅल्शियमशिवाय त्याची हाडं मऊ होत चालली आहेत. पाय थरथरतात ते त्यामुळे. वरची नळी कधी बदलली होती?"

"रोज पेटते की."

"पेटते, पण काही महिन्यांनी तिच्यातले कामाचे किरण संपतात. नुसता उजेड उरतो. तो आपल्याला दिसतो म्हणून आपण नळी चांगली समजतो."

नवी नळी त्या पाठवणार होत्या. ती येईपर्यंत सकाळचे कोवळे ऊन थेट अंगावर घ्यायला सांगितले. खिडकीच्या काचेतून आलेले चालत नाही, जे हवे ते काचच अडवते. कॅल्शियमचे थेंब, कोमट पाण्यात थोडा वेळ बसवणे, आणि पोट ताळ्यावर आले की रोज रातकिडे. "हे केलंत तर वाचेल. दूधभात चालू राहिला तर नाही," असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

फोन ठेवण्याआधी मी विचारले, "तो पुढचा पाय वर करून हलवतो. माणसे समोर आली की. ते काय असते?"

"जास्त जण जवळ गेले की करतो का?"

"हो."

"भीतीनं करतो. 'मी लहान आहे, मला काही करू नका' असं सांगत असतो तो."

परत येताना टोपली मांडीवर होती. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला मी ती उचलून धरत होतो. पिठावर तो थंडीने आला होता, आणि दुपारी तो भीतीने हात करत होता. इतके दिवस या घरात एक जीव आपले दुखणे आपल्या परीने सांगत होता, आणि आम्ही सगळे हात जोडून त्यात दुसरेच कुणी पाहत होतो. मी तर जाणूनबुजून पाहत होतो. तसे पाहणे सोडले असते तर ती खोली पुन्हा रिकामी दिसली असती.

दुसऱ्या दुपारी बायका आल्या तेव्हा मी दारातच उभा राहिलो. बाईंच्या हातात वाटी होती.

"बाई, आजपासून त्याला हे द्यायचे नाही. तो फार आजारी आहे. दुधाने आणि साखरेने झाला आहे."

"आजारी तं असंल नं, जीव होय. पण बाईच्या आवडीचं तोंडाले लावलं तं बरं वाटंल तिले."

"ही ती नाही."

बाईंनी वाटी दुसऱ्या हातात घेतली.

"तुमी इतकं संस्कृत शिकले, गुरुजी. पिठातले पाय तुमाले दिसले नाई?"

"दिसले. पेटीचा दिवा बंद होता. तो गारठला होता, म्हणून ज्योतीपाशी आला. मला त्याच दिवशी कळले होते."

"मंग काऊन नाई सांगितलं तवा?"

"तुम्ही येत होतात म्हणून."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर सोपे झाले असते.

"मंग बाई कुठी गेली जी?" त्यांनी विचारले.

तेराही दिवसांचे सगळे विधी मी स्वतः यथासांग करवून घेतले होते. प्रत्येक मंत्राचा अर्थ मला येत होता. गल्लीत या प्रश्नाचे उत्तर ज्याच्याकडे असावे असा माणूस मीच होतो.

"मला ठाऊक नाही," मी म्हणालो.

त्यांनी वाटी माझ्या हातात दिली. "मंग हा तुमी खा. वाया नका घालू." आणि पदर सावरून त्या पायऱ्या उतरल्या. इतर बायका त्यांच्या मागून गेल्या. तो दूधभात मी संध्याकाळी खाल्ला. साखर जास्त होती.

नंतरचे दिवस सरळ गेले. सकाळी ऊन अंगणात आले की मी त्याला टोपलीत घेऊन बसे. अर्धी टोपली उन्हात, अर्धी सावलीत, आणि कावळ्यांवर लक्ष ठेवून. कोमट पाणी आधी कोपराला लावून पाही, मग त्याला परातीत बसवी. थेंब देताना तोंडाच्या कडेला सिरिंज टेकवली की तो जीभ बाहेर काढी. नागपूरहून नळी आली, ती बसवली. पोट ताळ्यावर आले. आता पुढची गोष्ट टाळता येण्यासारखी नव्हती.

मी मागच्या खोलीत गेलो. टोपाचे झाकण काढले तेव्हा पुठ्ठ्यांमागे सगळे आवाज एकदम थांबले. त्यांना वाढवणारा मीच होतो. खूप वेळ मी तिथे उभा राहिलो. व्रत माझे होते; त्या सरड्याने ते घेतले नव्हते. माझ्या शुद्धतेचा उपास दुसऱ्याच्या हाडांनी करवून घेण्याचा मला अधिकार नव्हता, आणि हे समजले म्हणून हातातले काम हलके होत नव्हते. मी थोडे किडे डब्यात घेतले, पूड टाकली, डबा हलवला. देवाचे नाव घेतले. कुणासाठी घेतले, त्या किड्यासाठी की माझ्यासाठी, हे मी ठरवू शकलो नाही. पेटीपाशी येऊन चिमट्यात एक धरून पुढे केला. दोन वेळा मी चिमटा मागे ओढला आणि सरड्याचा नेम चुकला. तिसऱ्या झडपेला त्याने घेतला. त्याच्या दाढेखाली जो बारीक आवाज झाला, तो बाहेर ओसरीवर कधीच ऐकू आला नव्हता.

दुपारी आता कुणी येत नाही. मनात अढी धरून नव्हे. बाई कढीपत्ता न्यायला फाटकापाशी येतात, "कशी आहे जी तब्बेत?" म्हणतात, आणि कुणाची तब्येत ते मी विचारत नाही. आत येण्याचे कारण उरलेले नाही. त्यांच्या ओसरीवर त्या जमतात तेव्हा हसण्याचे आवाज भिंतीवरून इकडे येतात.

माघात त्याचा रंग परतला. पोटाकडून पिवळी झाक चढली, झालर उतरली. व्हिडिओवर मुलाने पाहिले आणि म्हणाला, "बाबा, आईच्या वेळी होता तसा झालाय." मी "हो" म्हणालो. ते कसे केले, हे त्याने विचारले नाही आणि मी सांगितले नाही.

काल त्याने सगळे किडे एकापाठोपाठ एक घेतले. मग आपल्या पायांनी, एकदाही न घसरता, दगडावर चढला, दिव्याखाली अंग पसरले आणि तोंड किंचित उघडे ठेवून डोळे मिटले. मी काचेजवळ खुर्ची घेऊन बसलो होतो. त्याने हात वर केला नाही, माझ्याकडे पाहिलेही नाही. बरे असलेल्या प्राण्याला माणसाकडे पाहण्याचे काही कारण नसते. मी चिमटा धुतला, पुसून जागेवर ठेवला. पुढे दुपार बरीच उरली होती.